चांदीतील विमाने आणि हलका रुपया

नाणे हे राज्यसत्तेचे ओळखपत्र होय, असे नाणकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सांगितलेले असते. राजाचे नाव, वर्ष, टांकसाळीची खूण, कधी देवतेची मूर्ती, कधी सिंह वा कमळ, अशी नाण्यावरील सामग्री परंपरेने ठरून गेलेली आहे. या परंपरेत विमान हे फार उशिरा आलेले पाहुणे. उडत्या यंत्राचे वयच मुळी सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर. आणि चांदीच्या नाण्यांवर त्याची खरी गर्दी झाली ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. त्यातही प्रवासी विमानापेक्षा लढाऊ विमानाचे भाग्य थोर. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर, मस्टँग ही विमाने आज चांदीवर उठवून मखमली डब्यांतून विकली जातात आणि हौशी संग्राहक त्यांना भारी किंमत मोजतात. प्रस्तुत लेखात या नाण्यांची थोडी ओळख करून द्यावी, आणि त्याच युद्धाच्या काळात आपल्या वऱ्हाडातील माणसाच्या कनवटीला असलेल्या चांदीचे काय झाले तेही शेजारी ठेवून पाहावे, असा माझा विचार आहे.

प्रथम परदेशांतील नाणी. कॅनडाच्या टांकसाळीने १९९० पासून १९९९ पर्यंत २० डॉलरच्या चांदीच्या नाण्यांची एक विमानमालिका काढली. नाणे स्टर्लिंग चांदीचे, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. त्यावर विमानाचे चित्र आणि बाजूला एका लहानशा लंबगोलात सोन्याचा मुलामा दिलेली वैमानिकाची किंवा विमानविद्येतील एखाद्या कर्त्या पुरुषाची प्रतिमा. पहिल्याच वर्षी लँकेस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाला त्यात स्थान मिळाले. पुढे पॅसिफिक महासागरातील तुवालू या चिमुकल्या राष्ट्राच्या नावाने, परंतु ऑस्ट्रेलियातील पर्थच्या टांकसाळीत, २००८ साली महायुद्धातील लढाऊ विमानांचा एक संच निघाला. त्यात इंग्लंडचे स्पिटफायर आणि जपानचे झीरो शेजारी शेजारी बसविलेले आहेत. ज्यांनी एकमेकांना आकाशात पाहताच गोळ्या झाडल्या असत्या ती विमाने एकाच डबीत गुण्यागोविंदाने नांदत आहेत, हे दृश्य मला तरी मौजेचे वाटते. २०१८ मध्ये इंग्लंडने आपल्या हवाई दलाच्या शताब्दीनिमित्त दोन पौंडांची पाच नाणी काढली, त्यांतही स्पिटफायर आहेच.

सर्वांत बोलके उदाहरण मार्शल बेटांचे. या बेटांच्या नावाने १९९१ साली महायुद्धातील विमानांची ५० डॉलरची नाणी निघाली. प्रत्येकात एक औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या वर्षी जगाच्या बाजारात एक औंस चांदी साधारण ४ डॉलरला मिळत होती. म्हणजे नाण्यावर लिहिलेले मोल ५० आणि आतल्या धातूचे मोल ४. गंमत अशी की, मार्शल बेटांना स्वतःचे चलनच नाही, तेथे अमेरिकी डॉलर चालतो. ही नाणी घेऊन तेथील वाण्याकडे कोणी तांदूळ आणायला जात नाही. ती जन्मतःच संग्राहकाच्या कपाटासाठी असतात. तरीही ही बेटे आणि ती विमाने यांचे नाते खोटे नाही. १९४४ च्या आरंभी क्वाजालिन बेटासाठी तेथे मोठी लढाई झाली, आणि युद्ध संपल्यावर निरुपयोगी झालेली कितीतरी अमेरिकी विमाने तेथील खाजणात बुडविण्यात आली. ती आजही पाण्याखाली आहेत. वर चांदीत विमान आणि खाली गंजलेले विमान, असा हा देश आहे.

या नाण्यांच्या कलेविषयी दोन शब्द. ही बहुतेक नाणी 'प्रूफ' पद्धतीने पाडतात. साधे चलनी नाणे ठशाच्या एका दाबात तयार होते. प्रूफ नाण्यासाठी ठसे आणि चकत्या आधी घासून आरशासारख्या करतात आणि दाब एकाहून अधिक वेळा देतात. त्यामुळे मागचे आकाश चकाकते आणि विमान दुधी, मंद दिसते. परिणाम देखणा होतो यात शंका नाही. परंतु नाणे ही स्थिर वस्तू आहे. फिरता पंखा आणि पळते आकाश तिच्यावर उतरत नाही. म्हणून या नाण्यांवरील विमाने मला पुष्कळदा टाचणीने टोचून ठेवलेल्या फुलपाखरांसारखी वाटतात. शिवाय त्यांवर विमानाचे नाव असते, वर्ष असते, पण विमान कोणाच्या पैशाने बांधले हे कोठेच नसते. माझ्या लेखाचा मुख्य विषय येथूनच सुरू होतो.

आपल्याकडे स्मारक-नाण्यांची प्रथा स्वातंत्र्यानंतरची. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या प्रतिमेची नाणी निघाली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचे १० रुपयांचे चांदीचे नाणे निघाले, त्यात ८० टक्के चांदी होती. १९७२ चे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे नाणे मात्र ५० टक्क्यांवर आले. भारतीय वायुसेनेच्या पंचाहत्तरीचे दोन रुपयांचे नाणे २००७ चे, आणि १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचे पाच रुपयांचे नाणे २०१५ चे. महायुद्धात आपल्या वैमानिकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लायसँडर, हरिकेन आणि अखेरीस स्पिटफायरही उडविली. त्या काळची एक गोष्ट मात्र घरोघरी आली आणि पुष्कळ घरांत अजूनही आहे. ती म्हणजे १९४० ते १९४५ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया.

हा रुपया समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८३५ पासून कंपनीचा, आणि पुढे राणीचा, रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे १८० ग्रेन अथवा ११.६६ ग्रॅम होता. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. आपल्याकडे 'कलदार' म्हणून ज्याची ख्याती, तो हाच. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. इंग्रजांचे राज्य राहते की जाते अशी शंका येताच लोकांनी नोटा देऊन रुपये घ्यायला आणि घेतलेले रुपये पुरून ठेवायला सुरुवात केली. सरकारने जून १९४० मध्ये गरजेपेक्षा अधिक नाणी जवळ करणे हा गुन्हा ठरविला, एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि त्याच वर्षी कायदा करून रुपयातील चांदी बारा भागांतील अकरा भागांवरून निम्म्यावर आणली. नव्या मिश्रणात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. वजन तेच, आकार तोच, राजाचे डोके तेच. आतली चांदी मात्र ५.८३ ग्रॅम.

एवढ्यावर हे थांबले नाही. जुने, चांगल्या कसाचे रुपये सरकारने पाळीपाळीने चलनातून बाद केले : १९४१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे, १९४२ मध्ये सातव्या एडवर्डचे आणि १९४३ मध्ये पाचव्या व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे. लोकांनी जुना रुपया खजिन्यात भरावा आणि बदल्यात नवा हलका रुपया किंवा कागद घ्यावा, असा हा व्यवहार होता. एका रुपयामागे सरकारकडे पाच ग्रॅमच्या आसपास चांदी उरत होती. १९३९ सालचा जुन्या कसाचा रुपया आज दुर्मीळ आहे तो याच वितळणीमुळे. आणि दुर्मीळ आहे म्हणूनच त्याची बनावट नाणी बाजारात सुळसुळाट करून आहेत. १९३९ चा रुपया कोणी स्वस्तात देऊ करीत असेल तर सावध राहावे, एवढे जाता जाता सांगून ठेवते.

आता विमानाकडे. १९४० मध्ये इंग्लंडात लॉर्ड बीव्हरब्रुक हे विमान-उत्पादन मंत्री असताना 'स्पिटफायर फंड' ही योजना जोरात आली. ५००० पौंड द्या, तुमच्या गावाचे किंवा संस्थेचे नाव विमानावर रंगवू, अशी ती योजना. प्रत्यक्ष विमानाला याहून अधिक खर्च येई. ५००० हा देणगीदारासाठी ठरविलेला गोल आकडा. इंग्रजी साम्राज्यात सर्वत्र अशा वर्गण्या झाल्या. त्यांतून ज्या तुकड्यांना नावे मिळाली त्यांची यादी वाचताना आपण भारताचा नकाशा वाचीत आहोत की काय असे वाटते : १२२ क्रमांकाची 'बॉम्बे', १२४ ची 'बडोदा', १२९ ची 'म्हैसूर', १३२ ची 'सिटी ऑफ बॉम्बे', १५२ ची 'हैदराबाद', २३४ ची 'मद्रास प्रेसिडेन्सी'. बडोद्याच्या तुकडीच्या चिन्हावर मुंगूस आहे. हैदराबादच्या तुकडीच्या चिन्हावर निजामाचे शिरोभूषण असून खाली 'विश्वासू मित्र' या अर्थाचे ब्रीद आहे. स्पिटफायर घेऊन १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेली ही तुकडी पुढे ब्रह्मदेशातही आली.

पाच हजार पौंड म्हणजे किती रुपये? त्या वेळी रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स होता. म्हणजे एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या हिशेबाने एक स्पिटफायर सुमारे ६६,६६७ रुपयांचे. हे कलदार एकावर एक तोलले तर ७७७ किलो भरतात, त्यांत शुद्ध चांदी ७१३ किलो. हलक्या रुपयांत तीच रक्कम मोजली तर चांदी केवळ ३८९ किलो. तेच विमान, तेच रुपये, आणि चांदी जवळजवळ निम्मी. चलनाचा कस उतरविणे म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला या गणिताने अधिक कळले.

हैदराबादचे नाव आले की वऱ्हाडच्या माणसाने थोडे थांबले पाहिजे. आपला हा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या हवाली केला, तो निजामाच्या नावाने ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी. १९०२ च्या करारात तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि त्याबद्दल निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळू लागले. १९३६ च्या नव्या करारानंतर निजामाच्या थोरल्या पुत्राला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली; जमीन इंग्रजांची, किताब निजामाचा आणि कापूस आमचा, अशी ती वाटणी. या २५ लाखांना वरील ६६,६६७ ने भागून पाहावे. उत्तर साडेसदतीस येते. वऱ्हाडच्या एका वर्षाच्या पट्ट्यात साडेसदतीस स्पिटफायर! ते पैसे त्याच कामी गेले असे मी म्हणत नाही. निजामाचे उत्पन्न अफाट होते आणि रुपयावर तो कोठल्या शेतातून आला हे लिहिलेले नसते. पण प्रमाण ध्यानात यावे म्हणून हा हिशेब मांडला.

निजामाची विमाने देण्याची सवय जुनी होती. पहिल्या महायुद्धात १९१८ साली ११० क्रमांकाच्या तुकडीची डी. एच. ९ ए जातीची सर्व विमाने त्याच्या देणगीतली होती, आणि प्रत्येकावर तसे लिहिलेले असे. त्यांपैकी एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडले. ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडात सापडले, आणि १९७७ मध्ये लंडनच्या हवाई दल संग्रहालयाने ते अदलाबदलीने मिळविले. बदल्यात काय दिले असेल? एक स्पिटफायर.

राजेरजवाड्यांनी विमाने दिली ती खुशीने दिली असतील. सामान्य रयतेकडून युद्धनिधी गोळा करताना खुशी आणि सक्ती यांच्यातली रेघ फार पुसट होती. आपल्या प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच राजीनामा दिला होता आणि कारभार गव्हर्नरच्या हाती होता. जेथे वर्गणी मागणारा अधिकारीच सारा वसूल करणारा असतो, तेथे पावती फाडणे आणि फाडून घेणे यांत फरक कसा करायचा? याच प्रश्नावर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनार येथे १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भाव्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. इंग्रजांच्या युद्धाला माणसांनी वा पैशाने साह्य करणे चूक आहे, हे उघडपणे सांगणे एवढाच त्या सत्याग्रहाचा आशय होता. 'ना एक पाई, ना एक भाई' ही घोषणा त्या काळातली. वर्गात आपण हा सत्याग्रह एका ओळीत उरकतो. त्यातली 'पाई' ही केवळ अनुप्रासासाठी आलेली नाही, हे रुपयाची कथा वाचल्यावर लक्षात येते.

पुढच्या वर्षांत वऱ्हाडावर दुहेरी संकट आले. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान. १९४१ च्या उत्तरार्धात तो बाजार बंद पडला. बडनेऱ्यासारख्या स्टेशनावर, जेथे कापसाच्या गाठींवर गावाचे पोट अवलंबून, तेथे याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरीकडे सरकार युद्धाचा माल नोटा छापून खरीदत होते. युद्धाच्या आरंभापासून शेवटपर्यंत चलनातील नोटा सहापटींहून अधिक झाल्या. त्या बदल्यात भारताच्या नावाने लंडनमध्ये जमा झालेले येणे युद्ध संपताना सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले. कागदोपत्री आपण सावकार झालो, आणि १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी तांबे वाचविण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा निघाला. हा 'भोकाचा पैसा' जुन्या माणसांना अजून आठवतो.

रुपये पाडायला चांदी कमी पडू लागली तेव्हा अमेरिकेने उधार-उसनवारीच्या कायद्याखाली १९४४ पासून भारताला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली. हे वजन ७००० टनांवर जाते. हलके रुपये पाडायचे म्हटले तर १२० कोटी निघतील एवढे. अट अशी की, युद्धानंतर चांदी चांदीनेच परत करायची. स्वातंत्र्य मिळाले, १९४७ पासून रुपया निकेलचा झाला, त्यावर चालणारा वाघ आला, आणि चांदीचे ते हलके रुपये परत घेऊन, वितळवून, १९५७ मध्ये आपण हे उसने फेडले. इंग्लंडनेही आपले देणे फेडण्यासाठी १९४७ मध्ये स्वतःची चांदीची नाणी बंद केली.

म्हणूनच आज घरात जो हलका रुपया सापडतो तो वितळणीतून सुटलेला. आमच्या घरी असे सात निघाले. यंदा धाकट्या भावाच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते, तेव्हा आजीने पितळी डब्यातील बारा रुपये काढले : पाच राणीचे, सात सहाव्या जॉर्जचे. सराफाने राणीच्या रुपयांचा एक भाव सांगितला आणि जॉर्जच्या रुपयांचा त्याच्या जवळजवळ निम्मा. वडिलांना वाटले, हा लबाडी करतो आहे. वजन सारखे, रंग सारखा, मग भाव निराळा का? आजी शांतपणे म्हणाली, "खोटे नाईत माय ते, हलके हायेत. माह्या सासूनं त्याच्यासाठीच तं राणीचे सरकारात भरले नाई, चुलीमागं पुरले." राणीचे रुपये बाद झाल्याची दवंडी तिच्या सासूने ऐकली होती आणि तरी ते दिले नव्हते. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने सरकारी कायद्यातील मेख आमच्याआधी ऐंशी वर्षे ओळखली होती.

हिशेब करून पाहिला तर पाच राणीच्या रुपयांत साडेत्रेपन्न ग्रॅम चांदी आहे आणि सात जॉर्जच्या रुपयांत एक्केचाळीसही नाही. माझ्या पुण्याच्या आतेभावाने हे सातही रुपये देऊन एक स्पिटफायरचे चांदीचे नाणे घ्यावे असे सुचविले होते. त्याच्या मते एक चकचकीत नाणे हे सात काळवंडलेल्या नाण्यांपेक्षा बरे. मी विरोध केला. स्पिटफायरच्या चित्राचे नाणे आणखी कितीही पाडता येईल. पण स्पिटफायरच्या दिवसांत बडनेऱ्याच्या बाजारात कापसाच्या चुकाऱ्यात मिळालेला रुपया आता कोणी पाडणार नाही. आजीने राणीचे दोन मोडले आणि बाकीचे पुन्हा डब्यात ठेवले. आतेभावाने ते नाणे स्वतःच्या पैशाने घेतले आहे आणि ते सुंदर आहे, हेही लिहिले पाहिजे.

घरातील रुपया कोणता हे ओळखणे अवघड नाही. त्यासाठी घासण्याची किंवा कापण्याची गरज नाही. तसे कृपा करून कोणी करू नये. नाणे उभे धरून त्याचा काठ पाहावा. जुन्या कसाच्या रुपयाचा काठ सरळ दातेरी असतो. हलक्या रुपयाच्या काठावर मधोमध एक खाच असते आणि त्या खाचेत बारीक नक्षी असते. कमी चांदीचा रुपया खोटा पाडणाऱ्याला सोपा जाऊ नये म्हणून सरकारने ही सुरक्षित कड काढली. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर उन्हात धरले तरी दिसते. मग साल वाचावे आणि टांकसाळ पाहावी. १९४३ नंतर लाहोरच्या टांकसाळीतही नाणी पडत होती आणि त्यांवर इंग्रजी एल अक्षर असते.

बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचे विमान सुटू लागले आहे आणि ते आमच्या महाविद्यालयाच्या आवारातून दिसते. बडनेरा, अंजनगाव बारी, लोणी या बाजूच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी युद्धनिधीची पावती, हलके रुपये किंवा भोकाचा पैसा असेल, तर त्यांनी तो इतिहास विभागात दाखवावा. वस्तू ठेवून घेतली जाणार नाही. साल, काठ आणि ती घरात कशी आली याची आजी-आजोबांनी सांगितलेली हकीकत, एवढे वहीत टिपून घ्यायचे आहे. वहीचे पहिले पान आमच्या सात रुपयांनी भरले आहे.